पाणीपट्टी : हक्क आणि हिशेब
(व्याख्यानाचे शब्दांकन)



घरगुती पाण्याचे पैसे भरावे लागावेत काय, हा आजचा विषय. नळाला मीटर बसणार अशी नुसती वार्ता आली तरी वस्तीत दोन तट पडतात. एक म्हणतो, पाणी निसर्गाचे, त्याला दाम कसला? दुसरा म्हणतो, फुकट दिले की नळ वाहतच राहणार. आमचा व्यवसाय बँकेतील खातेवहीचा. म्हणून या प्रश्नाच्या जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू आपल्यासमोर मांडतो.

प्रथम नावे बाजू पाहू. नदीतले पाणी निसर्गाचे खरे, पण ते आपल्या हंड्यापर्यंत आपोआप येत नाही. पंप, त्याचे वीजबिल, तुरटी, क्लोरीन, फुटलेल्या पाइपाची दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या कामगाराचा पगार, हा खर्च कोणीतरी भरतच असतो. वीजबिल थकले, पंपाची वीज तोडली आणि सारे गाव कोरडे पडले, असे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडले आहे. अशा वेळी पैसेवाला टँकर मागवतो आणि गरिबाघरची लेक शाळा बुडवून हंडा उचलते. तेव्हा योजना चालायची तर पैसा लागतो, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता जमा बाजू. येथे महाडचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा त्याचा आशय. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागदावरचा हक्क ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. या लढ्याचे मर्म काय? जे सार्वजनिक, ते सर्वांचे. पाणी पिणाऱ्याने आधी किती कर भरला, हा प्रश्न तेथे नव्हता. काल जात आडवी आली. उद्या बिलाची थकबाकी आडवी येता कामा नये.

मग हक्क आणि खर्च यांचा मेळ कसा घालायचा? दक्षिण आफ्रिकेने तसा प्रयत्न केला. वर्णभेदाची राजवट गेल्यावर १९९६ च्या राज्यघटनेत पुरेशा पाण्याचा हक्क आला. २००१ पासून कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आले. माणशी रोज २५ लिटर आणि घरात आठ माणसे, असा तो हिशेब. पुढे जोहान्सबर्ग शहराने सोवेटोतील फिरी या वस्तीत आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसविले. मोफत पाणी संपले की पैसे भरेपर्यंत नळ बंद! एकेका नळावर अंगणातल्या खोल्या धरून वीस-वीस माणसे. त्यांना महिना कसा पुरावा? रहिवासी न्यायालयात गेले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने माणशी ५० लिटर सांगितले, अपिलात ते ४२ झाले आणि ८ ऑक्टोबर २००९ रोजी तेथील घटना न्यायालयाने शहराची पद्धत वैध ठरविली. धोरण चांगले होते. पण मोजणी नळामागे झाली, माणसामागे नाही. त्यामुळे जिथे दाटी अधिक, तिथेच पाणी कमी पडले.

दिल्लीत २०१५ साली मीटर असलेल्या घराला महिन्याला २०,००० लिटर मोफत झाले; मात्र मर्यादा ओलांडली की सगळ्या पाण्याचे बिल. तेथेही एका नळावर दोन बिऱ्हाडे असली की तोटा त्यांचाच. उलट, जिथे ठोक पाणीपट्टी आहे, तिथे दोन खोल्यांचे घर आणि बागेला पाइप लावणारा बंगला सारखीच रक्कम भरतात. हाही न्याय नव्हे.

म्हणून आमचे मत असे. गरजेपुरते पाणी माणसागणिक मोफत असावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे जेमतेम चार हंडे. पाच माणसांच्या घराला महिन्याला ८,२५० लिटर. त्यापुढच्या वापराला चढता दर लावावा आणि तो प्रत्येकाने वेळेवर भरावा. मोफत पाण्याचा भार वरच्या टप्प्यांवर व सरकारी तिजोरीवर असावा. आणि थकबाकी वसूल करावी जरूर. पण गरजेपुरते पाणी कोणाचेही तोडू नये.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. आपल्या वस्तीत एका नळावर किती माणसे आहेत, हे घरोघर जाऊन वहीत लिहा. पाणीपट्टी किती जमा झाली आणि कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या कचेरीत विचारा. जो पैसे भरतो त्याला हिशेब मागता येतो. आणि ज्याला भरता येत नाहीत, त्याच्यासाठी हिशेब मागणे हे आपले कर्तव्य आहे.