घरातील रसायने आणि आपली दक्षता

(मोहोपाडा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मोहोपाड्यात उभे राहून रसायनांविषयी बोलणे म्हणजे कोळ्यांना समुद्राची ओळख करून देण्यासारखे आहे. शेजारच्या वसाहतीचे नावच रसायनी! १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला; तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. परंतु कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या येथील कुटुंबांना एक शिस्त चांगली ठाऊक आहे. पिंपावर नाव हवे, हातांत मोजे हवेत आणि कोणते द्रव्य कशाजवळ ठेवू नये याचे ज्ञान हवे. ही शिस्त कारखान्याच्या फाटकाशीच का थांबावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

ग्रामपंचायत विहिरीच्या पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजेच ब्लिचिंग पावडर, ही आपली उपकारकर्ती आहे. पटकी आणि विषमज्वरापासून तिने असंख्य गावे राखली. मात्र तिच्यात शौचकूप धुण्याचे अ‍ॅसिड मिसळले की क्लोरिन वायू मोकळा होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडण्यात आला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने बंद न्हाणीघरात खालीच साचून राहतो. दोन्ही एकत्र केल्याने स्वच्छता दुप्पट होते, हा समज फुफ्फुसांना फार महाग पडतो. असा उग्र वास येताच काम तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे.

दुसरा धोका बाटलीचा. सुटे फिनाईल किंवा अ‍ॅसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी आढळते. तहानलेल्या बालकाला त्या दोहोंतील फरक कसा कळावा? चुकून असे काही पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नये. दाहक द्रव्य वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली रुग्णासोबत न्यावी.

तिसरा धोका प्रसाधनांचा. अकोल्यातील एका कुटुंबात गोरेपणाचे क्रीम वापरणाऱ्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळल्याची वार्ता २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून कांती उजळल्याचा भास होतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती घरात आणूच नये. काळ्या मेंदीचेही तसेच. मेंदीचा स्वाभाविक रंग तांबूस असतो. काळेपणासाठी बहुधा केस रंगविण्याचे तीव्र रसायन मिसळलेले असते, आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात.

सर्व रसायनांना घराबाहेर काढा, असे मी म्हणत नाही. रिठ्याचे पाणीही डोळ्यांत गेले तर झोंबतेच. आवश्यक आहे तो विवेक. पंचायतीने टीसीएल आणि अ‍ॅसिड वेगवेगळ्या जागी ठेवावे, सफाई कामगारांना हातमोजे द्यावेत आणि अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घातलेल्या निर्बंधांचे गावात पालन होते की नाही, ते पाहावे. शिक्षकांनी विज्ञानाच्या एका तासाला विद्यार्थ्यांना घरातील बाटल्यांवरील मजकूर उतरवून आणण्यास सांगावे. ज्या बाटलीवर काहीच लिहिलेले नसेल, तिच्यापासूनच खरा धडा सुरू होईल.

ज्या परिसराने देशाला रसायने पुरविली, त्याच परिसराने ती जपून हाताळण्याचा वस्तुपाठही घालून द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.