मध्यरात्रीचे गाणे आणि सकाळचा प्रश्न

(हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे, ‘दररोजच्या जीवनात धैर्याचा विश्वास आणि स्तुती’. पाळकसाहेबांनी वीस मिनिटे दिली आहेत आणि घड्याळ माझ्या अगदी समोर टांगलेले आहे, तेव्हा थेट वचनाकडे जाऊ. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल आणि सीला फिलिप्पै शहरात आहेत.

ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत इतक्यांदा ऐकली आहे की, भूमिकंप आणि उघडलेली दारे एवढेच लक्षात राहते. पण त्यांना पकडले कशासाठी, ते पाहा. एक दासी होती. तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या धन्यांना त्यातून पैसा मिळत होता. पौलाने येशूच्या नावाने तिला मोकळे केले, आणि धन्यांची कमाई बुडाली. तक्रार मात्र कमाईची नव्हती; हे लोक शहरात गोंधळ माजवतात, अशी होती. एका गरीब मुलीवर चालणारा धंदा बंद झाला की आरोप नेहमी दुसऱ्याच कशाचा तरी होतो. पाड्यांवर काम करणाऱ्या माझ्या सोबत्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मग छड्यांचा मार, आतल्या बंदिखान्यात रवानगी, पाय खोड्यात. आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करीत होते व देवाची स्तोत्रे गात होते.

इथे मला एक साधी गोष्ट दिसते. आतल्या कोठडीत दिवा नव्हता. हातात गुंडाळी नव्हती, पुस्तक नव्हते. म्हणजे जे गायले ते पाठ होते. अंधारात जी स्तुती तोंडातून येते, ती उजेडात साठवलेली असते. दानीएलाचेही तेच. राजाचा हुकूम निघाला तेव्हा त्याने यरुशलेमेकडची खिडकी उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना केली. आणि वचन आवर्जून सांगते की तो हे पूर्वीपासून करीत आला होता. सिंहाच्या गुहेसाठी त्याने वेगळी तयारी केली नाही.

सातपुड्यातल्या आमच्या मंडळ्यांत बऱ्याच बायांना अक्षर ओळखता येत नाही. पण कितीतरी स्तोत्रे त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ती त्या आपल्या बोलीत, आपल्या चालीवर, ढोलाच्या ठेक्यावर म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी नारायण वामन टिळकांनी भजन, टाळ आणि कीर्तन मराठी उपासनेत आणले, तेव्हा नाके मुरडणारे होतेच. आज आपण तीच भजने आपली म्हणून गातो. ढोलाचेही तसेच होईल. आपल्या शहरातल्या मंडळ्यांत आता गीताचे शब्द भिंतीवर उमटतात, आणि वीज गेली की दुसऱ्या कडव्याला आवाज बसतो. मी टीका करीत नाही. पण घरातल्या लहान मुलांना या वर्षी पाच स्तोत्रे पाठ करून द्या, एवढे सांगतो.

आता अवघड भाग. काही सभांमधून असे शिकवले जाते की स्तुती केली म्हणजे दार उघडते. दार उघडले नाही, तर तुमची स्तुती कमी पडली. मला हे शिक्षण मान्य नाही. पौल आणि सीला दार उघडावे म्हणून गात असते, तर दार उघडल्यावर पळाले असते. ते पळाले नाहीत. बंदिशाळेच्या नायकाने तलवार उपसली तेव्हा अंधारातून पौलाचा आवाज आला की आम्ही सगळे इथेच आहोत. ज्याची स्तुती सुटकेवर टांगलेली नाही, तोच असा उघड्या दाराशी थांबू शकतो.

आमच्या एका पाड्यावर एक आई आहे. तिचे नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही. तिच्या मुलाला सिकलसेल आहे. हा आजार काय असतो हे इथे सगळ्यांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगतो. रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत तो पुष्कळ आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणी होते, गोळ्या मिळतात. तरी थंडीतल्या रात्री मूल कळांनी ओरडते तेव्हा सर्वांत जवळचे आरोग्य केंद्रही डोंगर उतरून गाठावे लागते, आणि गाडी सकाळशिवाय नसते.

ती बाई अशा रात्री मुलाचे पाय मांडीवर घेऊन शेकते, पाणी पाजते, आणि गाते. एकदा आमच्याबरोबर आलेल्या पाहुण्याने तिला विचारले, “मावशी, गाऊन मूल बरे होते का?” प्रश्न वाईट हेतूने नव्हता. ती म्हणाली, “बरा व्हावा म्हणून नाही गात, भाऊ. रात्र लई मोठी असते. तो ऐकतो, अन् देव बी ऐकतो.”

पौलाच्या गोष्टीतही बाकीचे बंदिवान ऐकत होते, असे लूकने मुद्दाम लिहून ठेवले आहे.

पण त्या बाईची गोष्ट गाण्यावर संपत नाही. सकाळी ती मुलाला पाठीशी बांधून डोंगर उतरते. आणि तपासणीचे लोक पाड्यावर आले तेव्हा लोक घाबरले होते. रक्त काढून नेतात, मग मुलींची लग्ने मोडतात, अशी कुजबुज होती. तिने सर्वांच्या देखत आपला हात पुढे केला, आपल्या धाकट्या मुलीचा केला आणि शेजारणीला म्हणाली, “तुझ्या नातवाच्या कळा सोसवतील का तुला?” त्या दिवशी बहुतेक घरे पुढे आली. तिचा मुलगा अजून आजारीच आहे. गोळ्यांनी कळांच्या रात्री कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत.

हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय आपण हंगामाच्या सणाला फारसा वाचत नाही, वाचायला हवा. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा आशय आहे. आमच्याकडे तो असा वाचावा लागेल: मका वाळला, मोहाचे फूल कमी पडले, शेळ्या विकल्या, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचे आहे. वेदीजवळ आज तुम्ही ठेवलेले भोपळे, कणसे आणि तांदळाच्या पिशव्या पाहून मला आनंद झाला. पण हबक्कूकाची टोपली रिकामी आहे, आणि तीही वेदीजवळ ठेवण्यासारखी आहे.

पंडिता रमाबाईंचे मी इथे स्मरण करतो, कारण आनंदाचा अर्थ त्यांना स्वस्तात मिळाला नव्हता. तरुणपणीच त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालांत गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बाया घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्तीचे काम वाढले. उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते, आणि त्याचे खिळे जुळवणारे, छपाई करणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच होते. शोकाच्या वर्षात रोज टेबलाशी बसून वचनाची एकेक ओळ पुढे नेणे, याला मी स्तुती म्हणतो; मग त्या दिवशी गळ्यातून सूर निघो वा न निघो.

आता फिलिप्पैची सकाळ. गोष्टीचा हा भाग आपण नेहमी गाळतो. अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून सांगितले की त्या माणसांना सोडा. प्रकरण मिटले. पण पौल उठला नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत आम्हाला मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे तो म्हणाला. आणि ते आले, त्यांनी विनवणी केली. रात्री स्तोत्र गाणारा माणूस सकाळी हक्काची गोष्ट बोलतो. त्यात विरोध नाही. मला वाटते पौलाला स्वतःच्या मानाची तेवढी काळजी नव्हती. लुदियेच्या घरी जमणारी नवी मंडळी त्याच शहरात मागे राहणार होती, तिच्याकडे उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून तो बोलला असावा.

आमचा एक भाऊ आणि त्याची पत्नी ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात दाणे नसतात तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि मग पूर्ण हंगाम ती फेडायची. गेल्या हंगामाच्या शेवटी मुकादम म्हणाला, अजून तुझ्याकडेच बाकी निघते. हा भाऊ आपल्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकला आहे. त्याने प्रत्येक खेपेचे वजन वहीत लिहून ठेवले होते. तो म्हणाला, “दादा, हिशेब कागदावर द्या. माझा हा आहे, तुमचा दाखवा.” आवाज चढवला नाही. टोळीतले बाकीचे मागे उभे राहिले.

काही रक्कम मिळाली. पूर्ण नाही. आणि या वर्षी त्या मुकादमाने त्याला टोळीत घेतले नाही.

हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण धैर्य धरा असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या चुलीवर पडते. त्याने ती भरली. तो दुसऱ्या टोळीबरोबर जाणार आहे, उचल कमी मिळाली आहे. परवाच्या रविवारी त्यांच्या पाड्यावर हंगामाचा सण झाला. त्याने एक टोपली मका आणून ठेवला आणि उपकारस्तुतीच्या वेळी उभा राहून फक्त एवढेच म्हणाला की वही भरली, आता नवी पाहिजे.

आणि तुम्ही दान देणारे लोक या गोष्टीत कुठे आहात, तेही वचनात आहे. पुढे पौल पुन्हा बेड्यांत पडला तेव्हा त्याने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. आनंद हा शब्द त्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या शेवटी तो आठवण काढतो की सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याशी देण्याघेण्याचा संबंध ठेवणारी मंडळी एकच होती, तीच. तो थेस्सलनीकेत असतानाही त्यांनी एकदोनदा मदत पाठवली होती, आणि आता एपफ्रदीत ती घेऊन आला, आजारी पडून मरता मरता वाचला. ज्या शहरात मार खाल्ला, त्याच शहरातून पैसे आले. त्यात त्या बंदिशाळेच्या नायकाच्या घरचेही काही असेल असे मला वाटते, पण हा माझा तर्क आहे.

दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात आमच्या भागातल्या टोळ्या निघतील. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे. जी मुले शाळेसाठी मागे राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहात या वर्षी ब्लँकेट आणि रात्री सोबत राहणारी एक बाई हवी आहे. सिकलसेलच्या मुलांना थंडी बाधते, म्हणून ब्लँकेट जाड हवीत. जाणाऱ्या प्रत्येक कोयत्याला एक वही आणि एक पेन्सिल देणार आहोत. तुमच्या रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत रात्री त्या तळावरच्या झोपड्यांची नावे घ्या. नावे ठाऊक नसतील तर देवाला आहेत. त्या मुलाच्या आईसाठी प्रार्थना करा. आणि मुकादमांसाठीही करा. त्यांच्यावरही वरून कोणाची तरी बाकी असते.

आता उभे राहू या. ढोल बाहेर आहे, तो आत आणावा.