वास आला की गाडी थांबवा

(लातूर येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज आम्ही गाडीच्या वासावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण मागच्या बैठकीला आम्ही पोहोचलोच नाही. तुम्ही रात्री उशिरापर्यंत वाट बघितली. त्याचा हिशेब तुम्हाला द्यायलाच पाहिजे.

नांदेडहून आम्ही संध्याकाळी जीपने निघालो. जीप नऊ जणांची, आत माणसे तेरा. लोहा मागे पडले, अंधार झाला, दिवे लावले. माळाकोळीच्या पुढे प्लास्टिक जळाल्यासारखा वास यायला लागला. मागे बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "थांबवा, काहीतरी जळतंय." ड्रायव्हर म्हणाला, "क्लच तापला असंल." आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "लोक वाट बघत आहेत, चला." दोन-तीन किलोमीटरवर डॅशबोर्डाखालून धूर निघाला. मागचे दार एकच, त्यातून माणसे एकमेकांच्या अंगावर उतरली. ड्रायव्हरने पान्याने बॅटरीची केबल काढली, म्हणून गाडी पेटली नाही. कुणाला इजा झाली नाही. पण ते आमचे शहाणपण नव्हे, नशीब होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने वायरिंग उघडले. रात्रीच्या दौऱ्यांना उजेड कमी पडतो म्हणून आम्हीच मोठे बल्ब बसवायला सांगितले होते. त्यानंतर फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. दिवे लागले, सगळे खूश!

आता हिशेब करा. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपियर ओढतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपियर ओढतात. वायर तीच. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पटीलाही पोचला नाही, पण उष्णता पावणेतीन पट झाली. फ्यूज उडत होता तो बिघाड नव्हता, ती राखणदाराची हाक होती. आम्ही राखणदाराचेच तोंड बांधले. डीपीवर फ्यूज टिकत नाही म्हणून जाड तार टाकणारे आपल्यात कमी नाहीत. मग मोटार जळते आणि आपण नशिबाला बोल लावतो.

कपाशीवर लाल्या आला की आपण काय करतो? पाने लाल दिसली की दुकानदार देईल ते फवारतो. पण लाल्या हे लक्षण आहे. नत्र कमी पडले, मॅग्नेशियम कमी पडले, तुडतुडे लागले, रात्री थंड झाल्या, यांपैकी कशानेही पान लाल होते. कारण ओळखल्याशिवाय औषध नाही. वासाचेही तसेच आहे. प्रत्येक वासाचे मूळ वेगळे.

जळक्या प्लास्टिकचा वास म्हणजे वायर. याला सवड नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, माणसे उतरवा, बॅटरीची काळी, ऋण बाजूची केबल आधी काढा. काळी आधी का? पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. कारण सापडल्यावरच फ्यूज घाला आणि तो ठरलेल्या अँपियरचाच.

चढावर जळक्या कागदासारखा वास आला, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतो आहे. पेडलवर सदा पाय ठेवू नका, ओझे कमी करा, पेडलचा ढिलेपणा तपासून घ्या. भरल्या ट्रॉलीला अर्ध्या क्लचवर चढ चढवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे विशेष ऐकावे.

घाट उतरल्यावर वास आला आणि एकच चाक तापले, तर त्याचा ब्रेक अडकला आहे. हँडब्रेक ओढलेला राहिला का, तेही बघा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेले १५५ अंशांनाही उकळू शकते. मग ऐन उतारावर पेडल खाली जाते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचे.

रबराचा वास आणि किंचाळी म्हणजे पट्टा घसरतो. जळक्या तेलाचा वास बॉनेटमधून आला तर गळणारे ऑइल तापल्या एक्झॉस्टवर पडते आहे, पॅकिंग बदला. गोडसर वास रेडिएटरच्या कुलंटचा. गरम असताना झाकण उघडू नका. सडक्या अंड्याचा वास आला तर बॅटरी जादा चार्ज होते आहे. तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिथे बिडी पेटवू नका.

आणि आपल्या भागाचा खास वास म्हणजे कापूस आणि कडबा. सायलेन्सरला चिकटलेला पुंजका ट्रॉली पेटवायला पुरतो. कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो. २०२० नंतरच्या बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळणारी जाळी असते. ती साफ होताना सायलेन्सर फार तापतो. अशी गाडी गंजीजवळ उभी करू नका.

नवी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मार्च २०१० मध्ये मुंबईत नवीकोरी नॅनो शोरूममधून घरी नेतानाच पेटली. गाडीच्या रचनेत दोष नाही असे कंपनी सांगत राहिली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले.

धूर निघत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. पावडरचे अग्निशामक गाडीत ठेवा. ते नसेल तर माती टाका. आग वाढली तर गाडी सोडा, माणसे लांब न्या.

भावांनो, त्या रात्री तेरा जणांत खरे बोलले ते एकटे बाबा. त्यांचे आम्ही ऐकले नाही, कारण आमच्या हातात घड्याळ होते आणि आमच्या नावापुढे पदवी होती. त्यांची माफी आम्ही मागितली आहे, तुमचीही मागतो. यापुढे आमच्या गाडीत एक नियम राहील. ज्याला वास येईल त्याने थांबा म्हणायचे. मग तो शाळकरी पोर असो की म्हातारी माय, ड्रायव्हरने वाद घालायचा नाही आणि पुढाऱ्याने घड्याळ दाखवायचे नाही.

बैठक उशिरा झाली तरी चालेल. तिला येणारी माणसे घरी परत गेली पाहिजेत.