घरी कोण कोण असतं?

बालरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षांनी संशोधनाचा आढावा घ्यायचा प्रघात आहे, तो चटकन उरकते. वयात येण्याची सुरुवात करून देणाऱ्या किसपेप्टिनचं जनुक १९९६ साली सापडलं. त्याचा रिसेप्टर निकामी असेल तर मूल वयातच येत नाही, हे २००३ साली कळलं. पुढचं सकाळच्या सत्रात तुम्ही ऐकलंच आहे. आता माझं ऐका. पुन्हा माझ्या हातात माईक कोण देणार?

आठ वर्षांच्या आतली मुलगी छातीची वाढ सुरू झाली म्हणून येते. आपण डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतो, एलएच संप्रेरक तपासतो, सोनोग्राफी करतो, एमआरआय करतो. गाठबिठ दिसली नाही की ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण अज्ञात, असं लिहून वयात येणं रोखणारं इंजेक्शन सुरू. इंजेक्शनला माझा विरोध नाही, मीही देते. पण घरी कोण कोण असतं, रात्री काय चालतं, हे लिहायला आपल्या केसपेपरवर रकानाच नाही. वर्षानुवर्षं सांगते आहे. ‘मॅडम, ओपीडीत वेळ कुठे असतो?’ एमआरआयची चिठ्ठी लिहायला बरा वेळ असतो!

मुली लवकर वयात का येतात, यावर सकाळी इथे दूध, प्लास्टिक आणि लठ्ठपणा यांवरून भांडण झालं. लठ्ठपणा मला मान्य आहे. पण माझ्याकडे आलेली सात वर्षांची एक मुलगी काटकुळी होती. आजी म्हणाली, ‘‘बाई, हे पिशवीच्या दुधानं झालंय.’’ आजीला औषधाच्या दुकानात पाठवलं, तेव्हा कुठे आई बोलली. ‘‘पोरगी चपला उशाशी घेऊन झोपते. हे पिऊन आले की शेजारी पळावं लागतं.’’ इंजेक्शन दिलंच. पुढे मायलेकी मामाकडे राहायला गेल्या. पाळी अकरा सरल्यावर आली. ती इंजेक्शनामुळे लांबली की मामाच्या घरामुळे, हे मी सांगू शकत नाही. सकाळी भांडणाऱ्यांनीही सांगू नये.

एका तरुण सहकाऱ्याचा आक्षेप आहे की ताणाने कॉर्टिसॉल वाढतं, ते वयात आणणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाला दाबतं, मग पाळी लवकर येईल कशी? प्रश्न रास्त आहे. बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या मुलींची पाळी लांबलीच होती. एल्सी विडोसन यांनी १९५१ साली जर्मनीतल्या दोन अनाथालयांची हकिगत छापली. खाणं वाढवूनही एका ठिकाणच्या मुलांची वाढ मंदावली, कारण तिथे बदलून आलेली बाई मुलांना जेवतानाच फैलावर घ्यायची. उलट, भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींना सरासरी साडेअकराच्या सुमाराला पाळी आल्याचं १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी बेल्स्की, स्टाइनबर्ग आणि ड्रेपर यांनी मांडलं, की कलहाच्या घरात मूल लवकर वयात येतं. आईलाही पाळी लवकर आली असेल, हा आनुवंशिकतेचा मुद्दा त्यांच्या विरोधकांनी काढला. स्वीडनच्या मुलींबाबतही, उपासमारीनंतर अचानक पोटभर मिळाल्याने असं झालं, असं म्हणणारे आहेत. असोत. माझं मत असं, की उपास आणि युद्ध यांत शरीर थांबतं. पोट भरलेलं पण घर धास्तीचं असेल तर ते घाई करतं. आणि घाई फक्त शरीराचीच. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला विशी उलटते. नऊ वर्षांच्या मुलीला लोक तेरा वर्षांची समजून वागवतात, ते निस्तरायला तिच्याकडे डोकं नवाचंच असतं.

२०२०च्या टाळेबंदीनंतर इटलीत आणि आपल्या पुण्यातही अशा मुलींचा ओघ वाढल्याचं छापून आलं. स्क्रीन, वजन, झोप सगळ्यांची चर्चा झाली. बंद दाराआडच्या घरांची कितीशी झाली?

नव्या केसपेपरसाठी एक समिती नेमावी, असं कार्यकारिणीला सुचवते. रकाने कोणते, ते बसून ठरवू. प्रत्येक जिल्ह्यात समुपदेशक हवी. पैसे कुठले, तेही बघू. खजिनदार मान हलवताहेत, कोणत्या दिशेने ते मला इथून दिसत नाही. समितीत यायची तयारी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. नावं आजच लिहून घेते.