श्वासाचे मोजमाप

बडोद्याच्या घडियाळी पोळेत माडीचा अरुंद जिना चढताना मध्येच थांबावे लागणारा गृहस्थ बहुधा वयालाच दोष देतो. दोष वयाचा की फुप्फुसांचा, हे ठरविण्यास श्वासमापनाचे साहाय्य होते. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वासमापकाविषयी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासूनची ही विद्या. नाकाला चिमटा लावून छातीभर श्वास घ्यावयाचा व नळीत एकदम जोराने, सुमारे सहा सेकंद सोडीत राहावयाचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यास विशेष महत्त्व. श्वासनलिका आकुंचित असल्यास ती कमी भरते. निदान तीनदा फुंकावे लागते. भिडेने हळूच फुंकणाऱ्याची धडधाकट फुप्फुसेही दुबळी ठरतात! त्या दिवशी विडी वर्ज्य, आहार हलका, कपडे सैल. श्वासातून घ्यावयाचे औषध मात्र किती तास आधी थांबवावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.