फांदीवरचे घर, खालचे पाणी



वरवंडसारख्या अवर्षणप्रवण भागात बेडूक म्हटला की पहिल्या पावसानंतर डबक्यात ओरडणारा प्राणीच डोळ्यांसमोर येतो. बेडूक झाडावरही राहतो, हे कित्येकांना नवल वाटेल. तथापि न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसलेला, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला तपकिरी बेडूक पुष्कळांनी पाहिला असेल. तो वृक्षबेडकांपैकीच होय. खराट्याने त्यास हुसकावण्यापूर्वी त्याच्या सह्याद्रीतील भाऊबंदाची हकीकत ऐकावी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेली आहे. तेथील पावसाचे मान असे की आपल्याकडे दहा वर्षांत पडेल तेवढे पाणी तेथे एका वर्षात पडावे. या रानात मलबार उडता बेडूक राहतो. पाठ हिरवीगार, बोटांमधील पडदे नारिंगी-तांबूस. ते पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे आठ-दहा मीटर तरंगत जातो. उडतो असे म्हणणे म्हणजे थोडी अतिशयोक्तीच!

त्याचे खरे कौतुक घरबांधणीचे आहे. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी एक चिकट द्रव सोडते आणि ताक घुसळावे तसा पायांनी घुसळून त्याचा फेस करते. पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारख्या या फेसात अंडी असतात. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी पिले खालच्या पाण्यात टपकतात. म्हणजे फांदी हवी आणि नेमके तिच्याखाली पाणीही हवे. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठची झुडपे तोडली, डबके बुजवले, तर रान शाबूत राहूनही वंश खुंटतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी नोंदविलेल्या आंबोली झुडपी बेडकाच्या जातीत तर पाण्यात वाढणारी पिले नसतातच. अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. त्याला झुडपातील ओलावाच आधार.

एकेकाळी बेडकाचे पाय परदेशी पाठवून चलन मिळे. शेतातील किडीवरचा पहारेकरी त्यापायी जातो, हा हिशेब कळल्यावर १९८७ साली ती निर्यात बंद झाली. आज मात्र घाटातील रात्रीची वाहने त्यांना चिरडतात. चातुर्मासात जीवहिंसा टळावी म्हणून साधु-साध्वी विहार थांबवितात. बेडकांच्या प्रजननाचे महिनेही तेच. वर्षासहलीची गर्दीही तेव्हाच.

तेव्हा आंबोलीस जाणाऱ्यांनी पावसाळी रात्री घाटात वाहन हळू हाकावे, छायाचित्रासाठी फेसाचा गोळा हलवू नये. आणि येथील विहिरी-तळ्यांच्या काठची फांदी छाटणे असेलच, तर ते दिवाळीनंतर करावे.