खालचा सूर



पुण्यात खालच्या सुरांशी आपली गाठ आता बहुतेक वेळा विसर्जनाच्या मिरवणुकीत पडते. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती येतात, छातीत धडधडतं, वाड्यांची तावदानं थरथरतात. त्या आवाजात सूर कोणता, षड्ज की पंचम, असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. मी बेस गिटार वाजवतो आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. खालचा सूर आधी ओळखता आला पाहिजे. तो किती मोठा हवा, हा नंतरचा प्रश्न. वाद्यं, तारा, सेटअप आणि अँप यांबद्दल आज मी जी मतं मांडणार आहे, ती सगळी याच एका कसोटीवर घासून घेतलेली आहेत.

खालचा सूर ऐकणारे कान या शहराकडे आधीपासून आहेत. 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात इथल्या पिढ्यान् पिढ्या बसल्या, त्या तानपुऱ्याचा खरज ऐकतच. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खरज साधारण 69 हर्ट्‌झवर असतो. बेस गिटारच्या तिसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यामागे बोट दाबलं की नेमका हाच सूर मिळतो. म्हणजे ज्या उंचीवर, खरं तर ज्या खोलीवर, आमचं वाद्य बोलतं ती जागा तुमच्या ओळखीची आहे. तो खरज भरदार वाटावा म्हणून कुणी त्याचा आवाज वाढवत बसत नाही. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढतो, गायक तारेखाली दोरा सरकवून ती नेमक्या जागी आणतो, आणि त्या एका जाड तारेतून वरच्या स्वरांची रांग उघडते. गंधार ऐकू येतो तो त्यातूनच. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला फार आनंद झाला. खालचा सूर म्हणजे काय हे तिथल्या कारागिरांना आमच्या अनेक ध्वनितंत्रज्ञांपेक्षा जास्त कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं विज्ञान. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्‌झचा सूर निघतो. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा अँप 1969 साली आला. 300 वॉट, सोबत दहा इंची आठ स्पीकरांचं माणसाएवढं कपाट. बेसवाल्यांच्या जगात त्याचा दबदबा आजही आहे. त्या प्रकारच्या कपाटाचा आवाज 58 हर्ट्‌झच्या खाली उतरू लागतो. मग 41 चा सूर ऐकू येतो कसा? तार 41 बरोबर 82, 123, 164 असे वरचे स्वरही देत असते. कान त्या स्वरांमधली अंतरं ओळखतो आणि तळाचा स्वर स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते, ती याच कारणाने. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की सूर हरवतोय असं वाटलं तर अँपवरचं बेसचं बटण फिरवू नका. मधल्या पट्ट्याचं बटण थोडं वाढवा. 200 ते 800 हर्ट्‌झच्या टापूत बेसचा चेहरा असतो.

हा चेहरा पहिल्यांदा घडतो तारेवर, आणि तरुण मुलं सर्वांत कमी विचार करतात तो तारांचाच. वाद्यावर साठ हजार खर्च करतात आणि त्यावर तीन वर्षांपूर्वीच्या गंजलेल्या तारा असतात. बेसची तार म्हणजे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. ही गुंडाळी गोल तारेची असेल तर तिला राउंडवाउंड म्हणतात, चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. राउंडवाउंड नवी असताना खणखणीत बोलते, वरचे स्वर भरपूर देते. पण तिच्या खाचांमध्ये घाम आणि मळ साचतो आणि ती मुकी होत जाते. पावसाळ्यात तर फारच लवकर. जुने वादक अशा तारा पाण्यात उकळून घेत. 1991 च्या आधी परदेशी तारा इथे सहज मिळत नसत, तेव्हा तो नाइलाज होता. उकळल्यावर मळ सुटतो आणि काही दिवस तार पुन्हा बोलते, हे खरं. आज मात्र मी तसं करायला सांगणार नाही. त्या उकळण्यात तारेचं आयुष्य वाढत नाही.

माझी पसंती फ्लॅटवाउंडला आहे. निदान मराठी भावगीत, नाट्यगीत, गझल वाजवणाऱ्यांनी ती एकदा लावून पाहावी. तिच्यावर बोट सरकताना खरखर होत नाही, सूर गोल येतो, आणि ती वर्षानुवर्षं टिकते. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमर्सन 1962 च्या फेंडर प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. ती गाणी आज ऐकली तरी प्रत्येक सूर वेगळा कळतो. दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरियस. त्याने आपल्या जॅझ बेसचे पडदे उपटले, लाकडावर इपॉक्सीचा थर दिला आणि त्यावर राउंडवाउंड तारा चढवल्या. त्याच्या वाद्यातली गाणारी मींड त्या खरखरीत तारेमुळे आहे. दोघांच्या तारा परस्परविरुद्ध, पण दोघांचाही सूर हजारांत ओळखू येतो. तारेची निवड फॅशनने नव्हे, तुम्हाला काय बोलायचंय यावरून व्हावी, ती अशी.

सेटअपबद्दल मला जास्त वेळ हवा आहे. पुण्याच्या हवेत हा विषय टाळून चालत नाही. चार तारा मिळून वाद्याची मान सुमारे 75 ते 80 किलोच्या ताणाने ओढत असतात. मानेच्या आतली पोलादी सळई, ट्रस रॉड, हा ताण तोलून धरते. आणि मान लाकडाची. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐंशीच्या पुढे जातो. लाकूड आकसतं, फुगतं. पडदे धातूचे असल्यामुळे ते आकसत नाहीत, म्हणून कोरड्या दिवसांत त्यांची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. आज घरी गेल्यावर तुमच्या मुलाच्या गिटारच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. वाद्य खराब आहे असं समजून ते विकायला काढणारे लोक मी पाहिलेत. वाद्य चांगलं असतं, ऋतू बदललेला असतो.

तपासणी घरी करता येते. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे, साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर. ती मोजायला फीलर गेज लागतो. संगीताच्या दुकानात शोधू नका, नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. स्कूटरचे टॅपेट जुळवायला मेकॅनिक वापरतो तोच. फट जास्त असेल तर सळई किंचित आवळायची, नसेलच तर सैल करायची. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि मग वाद्याला थोडा वेळ द्यायचा. सळई अडली तर जोर लावायचा नाही, जाणकाराकडे जायचं. त्यानंतर तारांची उंची: सतराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे 2.8 मिलिमीटर, बारीक तारेखाली 2.4. सगळ्यात शेवटी बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला सूर जुळवायचा. दाबलेला चढा लागला तर घोडीवरचा त्या तारेचा खण (सॅडल) मागे सरकवायचा. हा क्रम उलटा केला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

तारा अगदी खाली आणण्याचा हल्ली सोस आहे, वेगाने वाजवता यावं म्हणून. मी याच्या विरोधात आहे. तार फार खाली असली की ती जोराने छेडल्यावर पडद्यांवर आपटते, सुराची सुरुवात खडखडाटात जाते आणि नंतर उरतं ते क्षीण. बोटांना थोडे कष्ट पडू द्यावेत.

वाद्याबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण माझ्या मते खर्चाच्या यादीत ते शेवटी यावं. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी 34 इंच. आजही बहुतेक वाद्यं तेच माप पाळतात. पहिलं वाद्य साधं घ्या, बॅटरीशिवाय चालणारं. नऊ व्होल्टची बॅटरी संपते ती नेमकी मध्यंतरानंतर. मात्र एका बाबतीत आपली गरज अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे पट्टी गायक ठरवतो. काळी दोनमध्ये गाणं सुरू झालं की त्याचा तळातला षड्ज चार तारांच्या बेसच्या मोकळ्या जाड तारेपेक्षा अर्धा स्वर खाली जातो. वादकाला तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याचा पाया उचलला जातो. सुगम संगीताच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्याने म्हणूनच दुसरं वाद्य पाच तारांचं घ्यावं. पाचवी तार 31 हर्ट्‌झपर्यंत जाते, पण मी तिचा उपयोग तिथवर जाण्यासाठी करत नाही. काळी दोन आणि पांढरी दोनचे षड्ज गाठण्यासाठी ती हवी.

पंचमदांच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या, वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती गाणी गुणगुणताना आपण कितीतरी वेळा नकळत त्यांचीच चाल गुणगुणतो. मुंबईची मोहिनी डे वडिलांकडून, सुजॉय डे यांच्याकडून, हे वाद्य शिकली आणि आज जगभर वाजवते. तरीही आपल्या अनेक मराठी कार्यक्रमांत बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे सोपवलेला असतो. खर्चाची अडचण मला समजते. पण डावा हात तबल्याकडे बघत नाही. समेच्या किंचित आधी की समेवर, हा निर्णय स्वतंत्र माणूस तबलजीच्या बायाँकडे कान लावून घेतो. बायाँ आणि बेस एकाच टापूत बोलतात. दोघांपैकी एकाने थांबायचं असतं, आणि बहुतेक वेळा ते बेसने.

अँप विकत घेताना लोक वॉट विचारतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणून वॉटच्या आधी खोलीचा विचार करा. 41 हर्ट्‌झची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपल्या सदनिकेतली बारा फुटी खोली घ्या. तिच्या दोन भिंतींमध्ये 48 हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, म्हणजे जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याजवळचा. तोच एक सूर शेजाऱ्यांना ऐकू जातो आणि बाकीचे तुम्हालाही नीट ऐकू येत नाहीत. अँप कोपऱ्यातून काढा, जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, भिंतीशी कपड्यांचं भरलेलं कपाट किंवा गाद्या असू द्या. नवा अँप घेण्याआधी हे करून बघा.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दल एक गोष्ट नागरिक म्हणूनही माहीत असावी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप 'ए' भारांकनाने होतं. त्यात कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालच्या लहरींना कमी वजन मिळतं, 40 हर्ट्‌झला जवळजवळ 35 डेसिबल कमी. त्यामुळे मापकावर 60 दिसत असताना प्रत्यक्षात तावदानं हलवणारा आवाज 90 च्या पुढे असू शकतो. त्याचं वेगळं मोजमाप व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं. बेस वाजवणाऱ्यांनी ही मागणी सर्वांत आधी करायला हवी.

नाट्यगृहांतल्या ध्वनिव्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. कार्यक्रमाआधी बेसवाल्याला सावकाश एक सप्तक वाजवायला सांगा, एकेक सूर. तुम्ही बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत उभे राहा. जो सूर घुमेल तेवढाच पट्टा कापा. सगळा बेस कमी करू नका. मग तबलजीला बायाँवर ठेका धरायला सांगा आणि दोघं वेगळे ऐकू येतात का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

व्यासपीठाच्या उजव्या बाजूला मी दोन वाद्यं ठेवली आहेत. एकावर नव्या राउंडवाउंड तारा आहेत, दुसऱ्यावर जुन्या फ्लॅटवाउंड. अँप एकच आहे आणि त्याची बटणं मी हलवणार नाही. ज्यांना स्वतः ऐकून ठरवायचं आहे त्यांनी पुढे यावं. माझं मत पटलं नाही तर तेही सांगावं.